डावी नळी

साकोलीच्या नाक्यापलीकडे, रायपूर रस्त्याच्या कडेला तेजराम रामटेकेचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, जमिनीत खोदलेला एक खड्डा आणि दाराशी टांगलेला जुना टायर. एकोणीसशे पंच्याहत्तरच्या जानेवारीत एका सकाळी तो त्या खड्ड्यात उभा राहून ट्रकचे बोल्ट आवळत होता, तेव्हा सानगडीहून सायकलवर एक माणूस आला. धापा टाकत म्हणाला, "तेजरामभाऊ, भय्याजीनं बलावलं. आत्ताच्या आत्ता. नागपूरचा गिऱ्हाईक येऊन बसला हाये, अना गाडी पुन्हा रुसली."

"तुलारामभाऊ नाई का तिथं?"

"हायेत ना. त्यायच्यानं होऊन नाई राहिलं."

तेजराम खड्ड्यातून वर आला. त्या गाडीचं काही तुलारामच्यानं होत नाही, असं कोणी बोललेलं त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

ती गाडी भय्याजींच्या वडिलांनी सत्तावन्न साली नागपुरातून आणली होती. मालगुजारी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण रुबाब जायचा होता. लांबलचक, हिरवी अमेरिकन गाडी. आठ सिलिंडर, चार या अंगाला, चार त्या अंगाला, आणि दोन्ही अंगांचा धूर वेगवेगळ्या नळ्यांनी मागे जाणारा. मागच्या बंपरखाली दोन नळ्यांची तोंडं दिसायची. धानाच्या बांध्यांमधून ती यायला लागली की तो भरदार आवाज ऐकून माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. म्हातारे मालगुजार वारले, गाडी भय्याजींकडे आली, आणि मग पेट्रोलचे भाव असे भडकले की भय्याजींनी ती विकायला काढली.

विक्री मात्र जमेना. गिऱ्हाईक आलं की गाडी बिघडायची. सपाटीवर कशीबशी चालायची. तलावाच्या पाळीचा चढ आला की तिचा दम कोंडायचा, कार्बोरेटरमधून फटाके वाजायचे आणि ती अर्ध्यावरच बंद पडायची. दोन गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली होती. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी तुलाराम बॉनेट उघडून तासभर काहीतरी खुडबुड करायचा आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी धावायची. लोक म्हणायचे, गाडीला सानगडी सोडवत नाही.

तुलाराम कापगते हा त्या गाडीचा पहिल्या दिवसापासूनचा ड्रायव्हर. वय पन्नाशीपलीकडे, अंगात बारा महिने खाकी सदरा, शेत नाही, वाडी नाही. गाडी हीच त्याची ओळख. तेजरामला हे काम शिकवलं तेही त्यानेच. अठ्ठावन्न साली तेजराम मालगुजारांच्या खळ्यावर पोती उचलायला जायचा. विशीतला होता, अंगाने सडपातळ होता, म्हणून तुलारामने त्याला एकदा गाडीखाली घुसवलं आणि पुढची आठ वर्षं जे जे येत होतं ते शिकवलं. "डोये मीट अना हातानं पाय," म्हणायचा, डोळ्यांच्या आधी हातांनी पाहायला लावायचा. प्लगचा रंग, तेलाचा वास, बेअरिंगची कुरकुर. तार कशी बांधायची हेसुद्धा. तीन पीळ द्यायचे आणि टोक उलटं आत मुडपायचं, म्हणजे पुढच्या माणसाचा हात कापत नाही.

आणि चहाची वेळ झाली की तेजरामची कपबशी बंडीखान्याच्या, म्हणजे बैलबंड्या ठेवायच्या छपरीच्या, बाहेर खुंटीला टांगलेली असायची. ती त्यानेच काढायची, त्यानेच धुवायची, त्यानेच टांगायची. तेजरामच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पण कप खुंटीवरच राहिला. तुलारामने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही; चहा मात्र वरून, कपाला हात लागणार नाही अशा बेताने ओतायचा. शिकवलेलं तेजराम विसरला नव्हता. हेही विसरला नव्हता.

तेजराम सानगडीला पोचला तेव्हा बंडीखान्यासमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. खुर्चीवर नागपूरचे ठेकेदार दुबेजी बसले होते. त्यांना ही गाडी वरातींसाठी भाड्याने द्यायला हवी होती. सकाळपासून ते गाडीजवळून हलले नव्हते. "मेरे सामने बनाओ," त्यांनी भय्याजींना सांगून टाकलं होतं. "बनी तो आज ही ले जाऊँगा. नहीं बनी तो राम राम."

तुलाराम फडकं हातात घेऊन उजव्या चाकापाशी उभा होता. तेजरामला पाहून त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"तुमी पायलंच असन सारं, भाऊ," तेजराम म्हणाला.

"सारंच पायलं. सायलेन्सर गेला असन. हे जुनं सामान आता भेटत नाई," तुलाराम म्हणाला, आणि त्याने नजर भय्याजींकडे वळवली.

तेजरामने गाडी सुरू करायला लावली. बॉनेटला त्याने हात लावला नाही. मागे जाऊन उकिडवा बसला आणि दोन्ही नळ्यांसमोर दोन तळहात धरले. उजव्या हातावर वारा थपथप आदळत होता. डाव्या हाताला नुसती ऊब लागत होती. तो सरकून बसला, हात बदलून पाहिले. तेच. मग खळ्यावरची चिमूटभर तणीस उचलून उजव्या नळीपुढे धरली, ती उडून दुबेजींच्या धोतरावर जाऊन पडली. डाव्या नळीपुढे धरली, तर काड्या नुसत्या थरथरल्या.

"डाव्या अंगाचे चार सिलिंडर श्वास सोडून नाई राहिले, भय्याजी," तो म्हणाला. "आतला धूर बाहीर गेला नाई, तं नवं पेट्रोल आत येईन कुठून? सपाटीवर उजवे चार सिलिंडर कसेबसे ओढतेत. चढावर त्यायचा जीव जाते."

"पण काहून अटकला धूर?" भय्याजींनी विचारलं.

"तेच पाहाचं हाये."

अशा गाडीत एका अंगाला, इंजिनाजवळच नळीत एक झडप असते. इंजिन थंड असलं की ती मिटते, तापलं की उघडते. ती गंजून अडकली तर एक नळी अशीच मंदावते. ती झडप डाव्याच अंगाला होती. तेजरामने तिचा दांडा फडक्याने धरून फिरवून पाहिला. लोण्यासारखा फिरला, त्याला कोणी नेमाने तेल देत होतं. म्हणजे बिघाड इथे नव्हता. त्याने तांब्याभर पाणी मागितलं, इंजिन दहा मिनिटं जोरात चालू ठेवायला सांगितलं आणि पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली गेला.

पुढून सुरुवात करून तो बोटांनी नळीवर थेंब थेंब पाणी टाकत मागे सरकू लागला. चुर्र. चुर्र. उजवीकडे थेंब पार टोकापर्यंत टिकत नव्हता. डावीकडे इंजिनाखाली चुर्र, सायलेन्सरवर चुर्र, आसावरून नळी वळते तिथपर्यंत चुर्र, आणि त्यापुढे काही नाही. थेंब तसाच नळीवरून ओघळून खाली मातीत पडला. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा ओघळला. धूर वळणापर्यंत येत होता आणि तिथेच कोंडत होता. सायलेन्सर चांगला होता. खाली पडल्या पडल्या त्याला तुलारामचे पाय दिसत होते. ते पाय एका जागी राहत नव्हते.

तो बाहेर आला. तुलारामला इंजिन बंद करायला लावलं; चाबी त्याने परत करदोड्याला बांधली. डाव्या नळीचं तोंड थोडं निवल्यावर तेजरामने त्यात दोन बोटं घातली.

बोटांना तार लागली.

बारीक तार होती, नळीच्या वरच्या बाजूला चिकटवून आत गेलेली. त्याने सवयीने डोळे मिटले. टोकाला तीन पीळ होते आणि टोक उलटं आत मुडपलेलं होतं.

कोणीतरी आत बोळा कोंबला होता, आणि तो नंतर ओढून काढता यावा म्हणून त्याला तार बांधली होती. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी घालायचा, गेल्यावर काढायचा. इंजिन जळू नये एवढी फट ठेवायची. आज दुबेजी सकाळपासून तिथेच ठाण मांडून बसले, म्हणून तो काढायला सवड मिळाली नव्हती. भंडारा जिल्ह्यात तार अशी मुडपणारी दोनच माणसं होती.

तेजरामने डोळे उघडले आणि तुलारामकडे पाहिलं. तुलाराम त्याच्याकडेच पाहत होता. हातातल्या फडक्याचा त्याने पार पिळा केला होता. तेजरामला तो एकदम म्हातारा दिसला. गाडी गेली की ह्याला काय उरणार, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. भय्याजी फार तर धानाच्या पुंजण्यांवर राखण करायला बसवतील.

त्याने नळीतून हात काढला. सदऱ्याला पुसला. "सायलेन्सर आतून सडला जी, नागपूरले न्यावं लागीन," हे वाक्य त्याच्या तोंडात तयार झालं होतं. तो तोंड उघडणार, एवढ्यात तुलाराम बोलला.

"भय्याजी, हा कायले बोटं घालून राहिला तिथं? याच्या बापानं जलमभर गावची मेली ढोरं ओढली. याले इंजनातलं काय समजते?"

माणसांतला एकजण हसला.

तेजराम हलला नाही. मग त्याने बोटं परत नळीत घातली, तारेत बोटाचा आकडा अडकवला आणि हात मागे घेतला. आधी तार आली. तिच्यामागे डब्याचं पत्र्याचं झाकण आलं, त्यावर भाजून टणक झालेली माती, आणि शेवटी काळा पडलेला कापडाचा बोळा. तो जमिनीवर पडून उलगडला. आतला भाग काळा झाला नव्हता. खाकी होता. सदऱ्याची बाही होती, बटनासकट.

कोणाला काही विचारावं लागलं नाही. भय्याजींनी बाहीकडे पाहिलं, मग तुलारामच्या अंगावरच्या सदऱ्याकडे. ह्याच तुलारामने त्यांना लहानपणी मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला दिलं होतं.

"काका," ते म्हणाले, "चाबी द्या."

तुलारामने कमरेच्या करदोड्याला बांधलेली चाबी सोडली. सोडायला वेळ लागला. ती त्याने भय्याजींच्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली, आणि माणसांमधून वाट काढत निघून गेला. तेजरामच्या बाजूने गेला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

गाडी सुरू केली. दोन्ही नळ्या सारख्या फेकू लागल्या. दुबेजी स्वतः पाळीवर चक्कर मारून आले आणि तेजरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाह मिस्त्री! डॉक्टर हो, डॉक्टर!" भय्याजींनी त्याला ओसरीवर बोलावून खुर्ची दिली. तेजराम बसला नाही. त्याने सायकलवाल्याच्या मागे बसून साकोली गाठली.

घरी त्याने बायकोला, विमलाबाईला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी भाकर थापत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"तुमाले तार लागली तवाच समजलं होतं ना?"

"हो."

"मंग काहून ओढलं?"

"तो काय बोलला ते आयकलं नाई का तू?"

"आयकलं. पण तो आजच बोलला का? सतरा साल झाले, तोंडानं नाई तं हातानं बोलूनच राहिला होता. तवा तुमी चहा पेत होते." ती पुन्हा भाकर थापू लागली. "त्याले तोंडावर सांगाचं होतं. एकट्यात. गाडीच्या नळीतून कायले सांगतलं?"

"मी सांगनारच नव्हतो. मी हात काहाडला होता."

विमलाबाईने भाकर तव्यावर टाकली. आपण खरंच गप्प बसणार होतो का, हे तेजरामने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. कधी वाटायचं, हो. कधी वाटायचं, जे आपल्याला सापडलं ते पंधरा-वीस माणसांसमोर न सांगता परत येणं आपल्याच्यानं झालंच नसतं.

बातमी आठवडी बाजारातून तालुकाभर गेली. तेजरामचं काम वाढलं. वस्तीतली काही पोरं म्हणाली, "बरं केलं, त्याची जिरवली." ते ऐकून त्याला बरं वाटेना. ट्रकवाले चहाच्या टपरीवर म्हणायचे, "ज्यानं शिकवलं त्यालेच उघडं केलं." हे त्याच्यासमोर म्हणत नसत, पण तो आला की बोलणं बदलायचं. तुलारामला कोणी गाडीवर घेतलं नाही. मालकाच्या गाडीचा गळा दाबणारा ड्रायव्हर कोणाला हवा? राखणीचं कामही भय्याजींनी दिलं नाही.

मार्च महिन्यात दुबेजी गाडी घेऊन गॅरेजात आले. रायपूरकडे एका लग्नाला निघाले होते. गिअर टाकताना नव्या ड्रायव्हरने असा काही कर्कश आवाज काढला की तेजरामने डोळे मिटले.

"क्या करूँ मिस्त्री," दुबेजी म्हणाले, "नागपूरमध्ये ही गाडी कोणालाच चालवता नाही येत. मी तर भय्याजीला आधीच बोललो होतो, गाडीसोबत ड्रायव्हर पण पाहिजे. खोली देतो, पगार देतो. भय्याजी बोले, हाँ, सौदा पक्का झाला की सांगतो काकाला. आणि उसी दिन तुमने वो चिंधी निकाली."

तेजरामच्या हातातला पाना तसाच राहिला.

"तुलारामभाऊले हे मालूम होतं?"

"किसी को नहीं मालूम. मी आणि भय्याजी."

"मंग आता न्या ना त्याले, सेठ. त्याच्यासारखा हात नाई कोनाचा. त्यानं इंजनाले काई होऊ नाई देल्लं, पाहा, फट ठेवली होती. झडपेले तेल देत होता. मी पायलं ना."

दुबेजी हसले. "ज्याने एकदा तिचा श्वास कोंडला, त्याच्या हातात परत देऊ?" आणि ते गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी तेजराम सानगडीला गेला. माफी मागायला जातो आहे असं त्याने विमलाबाईला सांगितलं नव्हतं, कारण त्यालाच ते नक्की ठाऊक नव्हतं. तुलारामच्या अंगणात त्याची बायको सत्यभामाबाई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. शेजारी तुलाराम बसला होता. टेंभुर्णीच्या ओल्या पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून तो कात्रीने त्या मापाची पानं कापत होता. एक, एक, एक. वर न पाहता म्हणाला, "बस."

तेजराम जमिनीवर बसला.

"दुबेजी आले होते," तेजराम म्हणाला. आणि मग, सांगायचं नव्हतं ते सगळं त्याने सांगून टाकलं. नागपूरची खोली, पगार, भय्याजींशी झालेलं बोलणं.

सत्यभामाबाईचे हात थांबले. "हे सांगाले आला का तू?" ती म्हणाली. "आता? आमी कसेतरी विसरून राहिलो होतो. तेवढंबी तुले पाहावलं नाई?"

"तसं नाई, वहिनी..."

"चूप राय वो," तुलाराम तिला म्हणाला. त्याने कात्री खाली ठेवली आणि पहिल्यांदा तेजरामकडे पाहिलं. "मी बोललो, त्याच्या आदी तू हात काहाडला होता. मी पायलं."

"हो."

"तू सोडून देत होता?"

"हो."

"मंग मी बोललो."

तेजरामने मान खाली घातली. "भाऊ, तुमी थांबले काहून नाई? माह्या तोंडाकडं पाहून बी तुमाले नाई समजलं?"

"मले वाटलं, तू सांगशीनच. म्हून म्या आदी तुले हलकं करून घेतलं, म्हंजे तुही गोष्ट कोनी मानू नये." तुलारामने पान उचललं, त्याच्या शिरा बोटाने चाचपल्या आणि ते बाजूला टाकलं. "तुह्या जागी मी असतो ना, तं मी सांगतलं असतं. म्हून वाटलं."

सत्यभामाबाई उठून घरात गेली आणि परत बाहेर आली नाही. तेजराम उठला. बस निघून गेली होती. तो साकोलीपर्यंत चालत आला.

पुढे दोन वर्षांनी दुबेजींनी ती गाडी मोडीत काढली. नव्या ड्रायव्हरने गिअरबॉक्स खाल्ला होता आणि त्याचं सामान मिळत नव्हतं. पत्रा भंगारात गेला. इंजिन कोणीतरी भातगिरणीला जोडायला नेलं. तेजरामला हे एका ट्रकवाल्याकडून कळलं. त्याने ते विमलाबाईलासुद्धा सांगितलं नाही.

त्याच उन्हाळ्यात सानगडीच्या बाजारात त्याची तुलारामशी गाठ पडली. तुलारामच्या डोक्यावर पानांचा भारा होता. खाकी सदरा नव्हता, बंडी होती. दोघांनाही टळता आलं नाही.

"नागपूरले गेला होता म्हंते तू, सामान आनाले," तुलाराम म्हणाला. "गाडी पायली का? कशी हाये?"

"चांगली हाये," तेजराम म्हणाला. "मस्त चालते. दोन्ही नळ्या बरोबर फेकते."

तुलारामने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"झाकाले उशिरा शिकला तू," तो म्हणाला, भारा सावरला आणि गर्दीतून पुढे निघून गेला.